बेस कोणी वाजवला, संयोजन कोणाचं, तेही छापा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत शास्त्रीय मैफलीचा वृत्तांत येतो, तेव्हा शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोण, हे नावानिशी छापलं जातं. १९५३ पासून ‘सवाई’च्या मंडपात बसत आलेल्या या शहराला ती नावं दिसली नाहीत तर चुकल्यासारखं होईल. त्याच पुरवणीत कधीमधी परदेशी अल्बमची छोटी चौकट असते. तिच्यात गायकाचं नाव, मुखपृष्ठाचं चित्र आणि ‘सोल, जॅझ आणि लोकसंगीताचं सुरेल फ्युजन’ असं एखादं वाक्य, एवढंच. गायक ओळखीचा असेल तर तेवढ्यावर भागतं. अनोळखी असेल तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. काय मिसळलंय, कोणी मिसळलंय आणि ऐकताना कान कुठे लावायचा, तिन्ही प्रश्न तसेच राहतात.

आमची मागणी अशी, की या चौकटीत बेस (खर्जाचे स्वर देणारी गिटार) कोणी वाजवला, ड्रमवर कोण होतं आणि संगीत संयोजन कोणाचं, हे छापावं. त्यामागची कारणं जरा सविस्तर मांडतो.

सोल या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारात साथ ही गाण्याची अर्धी बाजू असते. डेट्रॉइटची मोटाउन ही कंपनी बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये काढली. पुढची दहाएक वर्षं तिथल्या तबकड्यांवर गायक बदलत राहिले, वाजवणारा ताफा मात्र बहुतांशी तोच होता. त्यांना पुढे ‘फंक ब्रदर्स’ म्हणून ओळखलं गेलं, पण त्या काळात त्यांची नावं तबकडीवर नसत. १९७१ मध्ये तिथलेच गायक मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला आणि मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर वादकांची नावं प्रथमच छापली गेली. त्यात बेसवादक जेम्स जेमरसन यांच्या नावामागे ‘अतुलनीय’ असं विशेषण आहे. ते उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवत. त्यांच्या गिटारीच्या तारा सपाट गुंडाळीच्या, जाड आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या. घोडीजवळच्या झाकणाखाली फोमचा तुकडा दाबून ठेवलेला, त्यामुळे स्वर छेडला की लांबत नाही, गोल उमटतो आणि लगेच विरतो. तो आवाज एकदा कानात बसला की गायक कोणीही असो, पहिल्या चार मात्रांत ओळखू येतो. म्हणजे श्रोत्याला एका गायकाकडून दुसऱ्या, न ऐकलेल्या गायकाकडे नेणारा धागा हा बेसवादक आहे. ते नाव छापलं नाही तर तो धागाच तुटतो.

पुण्याला हे समजावून सांगावं लागू नये. याच शहरात जन्मलेले एनॉक डॅनियल्स अ‍ॅकॉर्डियनवादक म्हणून जेवढे माहीत आहेत, तेवढेच संयोजक म्हणूनही. गाण्याची चाल एकाची असते. तिच्याखाली व्हायोलिन कुठे येणार, बासरी कुठे थांबणार हे दुसराच कोणी ठरवतो, हे इथल्या जुन्या श्रोत्याला पाठ आहे.

आता ‘फ्युजन’ या शब्दाबद्दल. सोल हे मुळातच मिश्रण आहे. चर्चमधलं गॉस्पेल आणि बाहेरचं ऱ्हिदम अँड ब्लूज यांची सांगड १९५० च्या दशकात घातली गेली. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये एका गॉस्पेल गीताच्या धर्तीवर प्रेमगीत बेतलं, ते या वाटेवरचं ठळक वळण मानतात. सॅम कुक यांनी १९५७ मध्ये गॉस्पेल गाणाऱ्या ‘सोल स्टिरर्स’ला सोडून बाहेरची वाट धरली. तेव्हा ‘यात मिश्रण आहे’ म्हटल्याने वाचकाला नवं काही कळत नाही. या मिश्रणात आणखी काय शिरलं आणि ते ठेक्यात शिरलं की नुसतं वरवर राहिलं, हे कळायला हवं.

ते तपासायची रीत सोपी आहे. एखादं ‘बाहेरचं’ वाद्य मनातल्या मनात काढून टाकावं. सुरुवातीला आठ मात्रा सतार वाजते आणि पुढे तिच्याविना गाणं तसंच्या तसं चालतं, तर ती वरून भुरभुरलेली कोथिंबीर आहे. ते वाद्य काढल्यावर गायकाला श्वास कुठे घ्यायचा हेच कळेनासं होत असेल, तर मिश्रण आतपर्यंत मुरलंय.

ठेक्यावरूनही बरंच कळतं. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय. सोलच्या चार मात्रांत स्नेअर ड्रमचा फटका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. टाळी तिथे द्यायची. पहिलीवर दिली की गाणं जड आणि ओढल्यासारखं वाटतं, आणि अनेकांचं बिनसतं ते इथेच. गाण्याचा सगळा भार पहिल्या मात्रेवर येऊन आदळत असेल, तर ते फंककडे झुकलंय. पायाने वाजणारा मोठा ड्रम चारही मात्रांवर सारखा पडत असेल तर डिस्को. प्रत्येक मात्रेचे तीन-तीन तुकडे पडून दादऱ्याची झुळूक जाणवली, तर ती चर्चमधल्या संथ गॉस्पेलची चाल. सिंबलवर झुलता ‘टिंग-टि-टिंग’ सतत चालू असेल आणि ड्रमचा फटका ठरलेल्या जागी येत नसेल तर जॅझ. एवढं ओळखता आलं तरी एका अल्बममधलं कोणतं गाणं कुठून कुठे जातं याचा नकाशा तयार होतो.

गळ्याची गोष्ट आणखी जवळची आहे. सोल गायक एका अक्षरावर पाच-सहा स्वर घेतो, त्याला हरकत किंवा मुरकी म्हणून आपला कान लगेच पकडतो. गोंधळ होतो तो गंधारावर. साथीची गिटार शुद्ध गंधार धरून असते आणि गायक कोमल गंधाराच्या किंचित वर, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबतो. पेटीच्या पट्टीत तयार झालेल्या कानाला हे बेसूर वाटतं. तो स्वर ब्लूजमधून आलेला आहे आणि गायकाने तो हेतुपुरस्सर तिथे ठेवलेला असतो. श्रुतींची चर्चा करणाऱ्या आपल्या वाचकांना हे एका ओळीत सांगितलं तरी पुष्कळ.

उदाहरण म्हणून एकच अल्बम घेतो: गायक टेरी कॅलिअर यांचा ‘व्हॉट कलर इज लव्ह’. शिकागोची चेस कंपनी, तिच्या कॅडेट या शाखेने १९७२ मध्ये काढलेला. कॅलिअर यांचा जन्म शिकागोचाच, १९४५ चा. सोल गायक कर्टिस मेफिल्ड त्यांचे बालपणापासूनचे सोबती. मेफिल्ड जगभर पोचले. कॅलिअर यांनी १९८० च्या दशकात गाणं थांबवलं आणि शिकागो विद्यापीठात संगणक प्रोग्रॅमरची नोकरी धरली. पुढे ब्रिटनमधल्या डीजेंनी जुन्या तबकड्या शोधून वाजवल्या, मागणी वाढली आणि १९९८ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. २०१२ मध्ये ते गेले.

अल्बममध्ये सात गाणी आहेत. एलपीच्या पहिल्या बाजूला तीन, दुसरीला चार. पहिलंच गाणं, ‘डान्सिंग गर्ल’, नऊ मिनिटांचं आहे. सुरुवातीला बोटांनी छेडलेली साधी गिटार आणि जवळून आलेला एकटा आवाज. इथे ते लोकगीत वाटतं. मग तंतुवाद्यं हळूहळू पसरतात, आवाजामागची जागा भरत जाते. मध्यावर लय चढते, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं) आणि तालवाद्यं पुढे येतात आणि तोच गळा जॅझ गायकासारखा शब्द तोडून-जोडून फेकू लागतो. शेवटाकडे सगळं पुन्हा निवळतं. नऊ मिनिटांत तीन घरं फिरून येतो आपण, आणि एकाही उंबऱ्याला ठेच लागत नाही. विलंबितातून द्रुतात जाताना कसलेला गायक जसा सांधा दिसू देत नाही, तसंच इथे झालंय.

तिसरं गाणं सात मिनिटांहून थोडं जास्त. तिथे गिटार आणि बेसची एकच ओळ फिरत राहते. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा अखंड चालू असतो, तसंच हे. लेहऱ्यात रस नसतो असं कोणी म्हणत नाही, पण परदेशी गाण्यात हेच आलं की ‘तेच तेच वाजतंय’ अशी तक्रार होते. लक्ष गायकाच्या मांडणीकडे ठेवावं. फिरणारी ओळ ही मोजपट्टी आहे.

हे सांधे जुळवणारा माणूस म्हणजे चार्ल्स स्टेप्नी. निर्मिती आणि संयोजन त्यांचं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा पक्का अभ्यास, हातात व्हायब्राफोन आणि पियानो, आणि चेसच्या स्टुडिओतला रोजचा राबता. ‘रोटरी कनेक्शन’ या सोल आणि सायकेडेलिक रॉक एकत्र करणाऱ्या ताफ्यामागे तेच होते. ब्लूज गायक मडी वॉटर्स यांचा १९६८ चा ‘इलेक्ट्रिक मड’ आणि गायिका मिनी रिपर्टन यांचा १९७० चा ‘कम टू माय गार्डन’, दोन्हींत त्यांचा हात. पुढे ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडबरोबरही त्यांनी काम केलं. १९७६ मध्ये ते गेले. आता पाहा: कॅलिअर हे नाव शोधलं तर मोबाइलवरचं अ‍ॅप त्याच वळणाचे पाच पुरुष गायक पुढे करतं. स्टेप्नी हे नाव शोधलं तर ब्लूज, सायकेडेलिक, सोल आणि डिस्कोच्या उंबरठ्यापर्यंतची अख्खी वाट उघडते. आपल्या चौकटीत ते एक नाव असतं तर वाचकाला महिनाभर पुरेल एवढं ऐकायला मिळालं असतं.

अनोळखी अल्बम पहिल्यांदा ऐकताना चुका बहुधा साधनांत होतात. बेस गिटारीची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. मोबाइलचा इवलासा स्पीकर तेवढं खाली उतरूच शकत नाही. वरच्या उपस्वरांवरून मेंदू चाल ओळखतो, पण वजन गळून जातं आणि सोल कागदासारखं पातळ ऐकू येतं. मग ‘गाणं ठीक आहे, पण पकड घेत नाही’ असा शेरा मारला जातो. साधा वायरचा इअरफोन कानात नीट, आतपर्यंत बसवला तरी फरक पडतो. ढिला बसला तर बेस पहिला जातो.

एकाच डब्याचा ब्लूटूथ स्पीकर असेल तर वेगळी अडचण. १९६० च्या दशकातल्या कित्येक स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत ड्रम आणि बेस एका बाजूला, गायक दुसऱ्या बाजूला असं कडक वाटप आहे. दोन्ही बाजू एका डब्यात कालवल्या की कोरस आणि मुख्य आवाज एकमेकांवर चढतात. दोन स्पीकर असतील तर ते आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा. दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर कोपऱ्यात खुपसून ठेवले की बेस घुमतो, स्वर वेगळे कळत नाहीत. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढले की तीच ओळ मोकळी होते. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तिथेही बेस फुगतो. बसायची जागा जरा पुढे घ्यावी.

अ‍ॅपमध्ये शफल, ऑटोप्ले आणि क्रॉसफेड बंद करावं. क्रॉसफेड चालू असेल तर एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळतो, आणि ‘डान्सिंग गर्ल’सारखं शांततेतून उगवणारं गाणं तिथेच नासतं. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत शेवटी जादा गाणी चिकटवलेली असतात. पहिल्या खेपेला ती वगळावीत, कारण कलाकाराने ठरवलेला शेवट त्यांच्या आधीच येऊन गेलेला असतो. सालाकडेही लक्ष हवं. कित्येकदा पुनर्प्रकाशनाचं साल दाखवलं जातं आणि १९७२ चा प्रयोग १९९० च्या दशकातला समजून ‘नक्कल’ ठरवला जातो. पहिली बाजू संपते तिथे दोन मिनिटं थांबावं. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं नव्याने मैफल मांडण्यासाठी निवडलेलं असे. सलग ऐकलं तर ते कळत नाही.

ऐकायच्या खेपा तीन धराव्यात. पहिली अखंड, शब्द समोर न ठेवता. दुसऱ्या खेपेला फक्त बेस आणि पायाचा ड्रम. प्रत्येक गाण्याची लय मोजावी: पंधरा सेकंदांतल्या मात्रा गुणिले चार. सात गाण्यांचे सात आकडे एका कागदावर लिहिले की अल्बमचा चढ-उतार दिसतो. तिसऱ्या खेपेला मुख्य गायक सोडून कोरस आणि तंतुवाद्यं. या खेपेआधी मत बनवू नये, असं आमचं ठाम म्हणणं आहे. शब्द त्यानंतर वाचावेत. आधी वाचले की कान अर्थामागे धावतो आणि साथ सुटते.

परदेशी नावं इथल्या वाचकाला दूरची वाटतात, असा आक्षेप येईल. मग मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांचं काय? भारतीय शास्त्रीय गायन शिकलेला हा गळा. ऑर्नेट कोलमन यांच्यासारख्या मुक्त जॅझच्या अध्वर्यूने १९७१ मध्ये ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी दोन गाणी त्यांच्याकडून गाऊन घेतली. १९७६ मध्ये सीबीएसने काढलेल्या ‘द डेव्हिल इज लूज’मध्ये सोल, डिस्को आणि अंतराळी झाक असलेला सिंथेसायझर एकत्र आहे. त्यातल्या ‘स्पेस टॉक’चे तुकडे पुढे अमेरिकी रॅपवाल्यांनी आपल्या गाण्यांत वापरले. मुंबईत वाढलेली ही गायिका आजही मराठी वाचकाला बव्हंशी अनोळखी आहे, याचं आम्हाला वाईट वाटतं. त्यांच्यावर एक पूर्ण पान यायला हवं.

रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात एलपी चाळणाऱ्या तरुणांसाठीही दोन गोष्टी. तबकडी कडेने धरून तिरप्या उजेडात बघा. बोटाच्या ठशांपेक्षा नखाला लागणारा ओरखडा वाईट; ठसा धुतला जातो, ओरखडा प्रत्येक फेऱ्यात टिकटिकतो. आणि टर्नटेबल थेट साध्या ‘ऑक्स’ खाचेत जोडलं तर आवाज बारीक आणि बेसविना येतो. एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात. ते परत उचलायला फोनो प्री-अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तबकडी खराब म्हणून टाकून देण्याआधी ही जोडणी तपासा.

ड्रमवादकाचं नाव का हवं, तेही सांगतो. अमेरिकी सोल गायक डी’अँजेलो यांच्या ‘व्हूडू’ या अल्बममध्ये ड्रम किंचित मागे, बेस त्याहून वेगळ्या जागी आणि गळा तिसरीकडेच पडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला लय सुटली असं वाटतं. लय कुठेही सुटलेली नाही. प्रत्येक जण आपलं अंतर शेवटपर्यंत राखून आहे, आणि हा बेत हिपहॉपच्या यंत्रावर वाजवलेल्या ठेक्यांवरून माणसांच्या हातात उतरला. वाजवणारे कोण, हे न सांगता या अल्बमबद्दल काय लिहिणार? त्याची चौकट अशी छापता येईल:

‘व्हूडू’. गायक डी’अँजेलो. व्हर्जिन, जानेवारी २०००. ध्वनिमुद्रण इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ, न्यूयॉर्क. ध्वनिमुद्रक रसेल एलेव्हाडो. ड्रम: क्वेस्टलव्ह. बेस: पिनो पॅलाडिनो, काही गाण्यांत चार्ली हंटर, गिटार आणि बेस एकाच आठ तारांच्या वाद्यावर. ट्रम्पेट: रॉय हारग्रोव्ह. तेरा गाणी, सुमारे ७९ मिनिटं.

पाच-सहा ओळींची जागा. मुखपृष्ठाचं चित्र थोडं लहान केलं तरी बसेल.

आपले,
सोल आणि जॅझचे काही नियमित श्रोते
सदाशिव पेठ, पुणे ३०